व्हीलचेअरच्या चित्रावर गाडी लावताना

माझी स्कूटर जळगावात लोक लांबूनच ओळखतात. मागे दोन्हीकडे जादा चाकं, बाजूला कुबडी अडकवायचा हुक. त्यामुळे दिव्यांगांसाठी राखीव पार्किंगमध्ये स्कूटर लावताना मला कोणी कागद विचारत नाही. बायको कारने नेते तेव्हा मात्र हमखास विचारतात, कारण कॅलिपर, म्हणजे पायाला बांधलेला लोखंडी आधार, पॅन्टखाली झाकलेलं असतं आणि बसलेला माणूस धडधाकटच दिसतो.

अमेरिकेत यासाठी आरशाला टांगायची निळी पाटी मिळते. आपल्याकडे ते काम यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि गाडीची आरसी करतात. कार्डावरची पट्टी दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर पांढरी, ८० पर्यंत पिवळी, त्यावर निळी. माझी पिवळी. २०२० पासून गाडी नोंदवताना फॉर्म २० मध्ये मालकी 'दिव्यांगजन' अशी लिहिता येते. ते तेव्हाच भरा, नंतर आरटीओचे हेलपाटे नकोत. काचेवरचं स्टिकर दुकानात कोणालाही मिळतं, त्याच्या जोरावर भांडू नका. वॉचमनने हटकलं तर आवाज चढवण्याआधी कार्ड काढा. ते कपाटात नको, खिशात हवं.

आता जागा. मार्गदर्शक नियमांप्रमाणे ती दारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद हवी. साध्या जागेपेक्षा ही मीटरभर जास्त, म्हणजे गाडीशेजारी एक रिकामा पट्टा राहतो, आणि लोकांना तेवढंच खुपतं. तिथे काय होतं ते सांगतो. दार पूर्ण उघडायचं. कॅलिपरचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायचा, सरळ करून गुडघ्याचं लॉक बसवायचं, कुबडी टेकवायची, मग उठायचं. दार अर्धंच उघडलं तर पाय बाहेरच येत नाही. मे महिन्यात एका दुकानासमोर त्या रिकाम्या पट्ट्यात कोणी तरी बाईक लावून गेला होता. "पाच मिनिटांत आलो भो!" त्याची पाच मिनिटं संपेपर्यंत कॅलिपरची लोखंडी पट्टी चटके देऊ लागली होती.

म्हणून ज्या अंगाने उतरायचं, तिकडे पट्टा येईल अशी गाडी लावा. मी डाव्या दाराने उतरतो, त्यामुळे बायको कधी कधी गाडी उलटी घालते.

आता आपल्याच लोकांच्या चुका. मला दारात सोडून बायको भाजीला जाणार असेल, तर कार साध्या रांगेत लागते. पुतण्या माझी स्कूटर घेऊन गेला आणि ऐटीत राखीव जागेत लावून आला. म्हणे, "काका, गाडी तर तीच ना?" पाय तुझे होते ना रे! दिव्यांगांच्या सवलती लबाडीने घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. हे ऐकल्यावर तो किल्ली मागताना आधी कुठे जाणार ते सांगतो.