डोंगरावर एक दिवस: हेडटॉर्च घेतलात का?

मागच्या वेळी आम्ही तीन घरांतले मिळून नऊ जण होतो. त्यात दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेले काका. कॅमेरे तीन, लेन्स सहा, ट्रायपॉड दोन. हेडटॉर्च, म्हणजे डोक्याला पट्ट्याने बांधायचा टॉर्च, एकही नाही. माथ्यावर ऊन तिरकं झालं, दगडांवर तांबूस रंग चढला आणि "दहाच मिनिटं अजून" म्हणत आम्ही सूर्य बुडेपर्यंत थांबलो. उतरताना झाडीत शिरलो तर पायाखालचं दिसेना. दिवसभर फोटो काढून सगळ्यांचे मोबाइल संपत आलेले, माझा ९ टक्क्यांवर. आठ वर्षांची भाची माझ्या सॅकचा पट्टा मुठीत धरून मागून येत होती आणि प्रत्येक उतरणीला विचारत होती, "मामा, पाय कुठे ठेवू?" मला सांगता येत नव्हतं, कारण उजेड माझ्या पुढे होता आणि ती मागे. काकांचा पाय मुरगळला. दीड तासाच्या उतरणीला साडेतीन तास लागले.

म्हणून यादीची सुरुवात हेडटॉर्चपासून. माणशी एक, घरटी एक नव्हे. पुढच्याचा उजेड मागच्याच्या कामाचा नसतो. उलट त्याची सावली नेमकी मागच्याच्या पायाखाली पडते. मुलांनाही प्रत्येकी एक द्या आणि पट्टा त्यांच्या डोक्याच्या मापाने घरीच आवळून ठेवा. मोबाइलचा टॉर्च आहे की, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्याने एक हात अडकतो, आणि खडकाळ उतरणीवर दोन्ही हात मोकळे लागतात. शिवाय मदतीला फोन करायचा तोही त्याच मोबाइलवरून. फार प्रखर टॉर्चची गरज नाही, २०० ल्युमेनचा (ल्युमेन हे उजेडाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) पुरेसा होतो. आदल्या रात्री घरातले दिवे बंद करून प्रत्येक टॉर्च लावून बघा. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन टॉर्च दिवसभर जळत राहतो आणि संध्याकाळी हातात येतो तो मेलेला. तेव्हा बटणाला लॉक असेल तर लावा, नाहीतर सेल काढून ठेवा. जादा सेल वेगळ्या पिशवीत. दुपारी परत येणार असलात तरीही घ्या. आम्हीही दुपारीच परतणार होतो.

बूट, पाणी, खाणं, टोपी यांबद्दल सांगायला नको. बूट नवे मात्र नकोत. कपड्यांचं एवढंच, की दर १००० मीटर चढाईमागे तापमान साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरतं आणि वारा लागला की त्याहून जास्त गारठा वाटतो. चढताना घाम येतो, म्हणून लोक जाकीट गाडीत ठेवतात. फोटोसाठी उभे राहिलात की तोच घाम गार पडतो. चालणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याला थंडी जास्त वाजते आणि फोटो काढणारा सारखा थांबतो. त्याच्यासोबत ताटकळणाऱ्यांना तर त्याहून जास्त. उंचीबरोबर अतिनील किरणंही वाढतात, १००० मीटरला सुमारे १० टक्के. ताजा बर्फ असेल तर त्यातली बरीचशी खालूनही उलटून येतात. सनस्क्रीन हनुवटीच्या खालीसुद्धा लावा.

आता कॅमेरा. एक कॅमेरा, एक लेन्स, फार तर दोन. सहा लेन्स नेल्या आणि चार बाहेरही काढल्या नाहीत; तेवढ्या वजनात नऊ हेडटॉर्च आणि प्रत्येकाचं जाकीट सहज मावलं असतं. बॅटरी दोन घ्या आणि दुसरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते. उबेत घेतली की थोडी पुन्हा चालते. मेमरी कार्ड आदल्या रात्री रिकामं करा, माथ्यावर जुने फोटो पुसत बसू नका, तिथे भलतंच पुसलं जातं. बर्फ किंवा पांढरं धुकं समोर असेल तर कॅमेरा फसतो आणि सगळं करडं काढतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, एक ते दीड स्टॉपने वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पोलरायझर (आकाश गडद करणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर) घेणार असाल तर तो सूर्याशी काटकोनातल्या आकाशावरच नीट काम करतो आणि फार रुंद लेन्सवर आकाशात गडद पट्टा उमटवतो.

सगळ्यांचा एकत्र फोटो सुरुवातीलाच काढा. माथ्यावर काढू म्हणाल तर तोवर मुलं कंटाळलेली, मोठे दमलेले आणि ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली काळ्या सावल्या. सकाळी ऊन बाजूने येतं, चेहरे ताजे असतात. उन्हाकडे तोंड करून उभं करू नका, सगळे डोळे बारीक करतात. लहान मुलाचा फोटो घ्यायचा तर खाली बसा आणि शटर सेकंदाच्या १/२५० पेक्षा हळू ठेवू नका. एक नियम आमच्याकडे आता मोडता येत नाही: डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना पाऊल हलवायचं नाही, मागे तर नाहीच. "सगळे मावत नाहीत, जरा मागे सरकतो" हे वाक्य कड्याजवळ कोणी उच्चारलं की दुसऱ्याने त्याची सॅक धरायची. कड्यापाशी मुलांना पोझ द्यायला लावू नका. फोटो चांगला येतो म्हणूनही नाही.

वेळेचा हिशेब कागदावर करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला आडाखा आजही वापरतात: सपाटीचे ५ किलोमीटर तासाला, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. म्हणजे ८ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर दोन तास छत्तीस मिनिटं. हे धडधाकट माणसाचं, न थांबता चालण्याचं गणित. मुलं, वयस्कर आणि कॅमेरे सोबत असतील तर दुप्पट धरा. मग सूर्यास्ताच्या वेळेतून उतरायचा वेळ वजा करा, वर आणखी एक तास वजा करा, आणि जी वेळ येईल तिला परत फिरायचं, माथा आलेला असो वा नसो. ही वेळ निघतानाच सगळ्यांना सांगा, म्हणजे वर गेल्यावर वाद होत नाहीत. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरलीत तर एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. पण क्षितिज सपाट असेल तरच. समोर डोंगररांग असेल तर सूर्य तिच्याआड फार आधी जातो आणि दरीत अंधार आधी उतरतो. विषुववृत्ताच्या जवळपास तर संधिप्रकाश जेमतेम २०-२५ मिनिटं टिकतो.

फोटोचा सगळ्यात देखणा प्रकाश नेमका याच वेळी असतो, सूर्य क्षितिजापासून ६ अंशांच्या आत आल्यावर. मला तो सोडवत नाही, तुम्हालाही सोडवणार नाही, हे मी जाणतो. मग एक तर असा टप्पा निवडा जिथून रुळलेल्या वाटेने पंधरा मिनिटांत गाडी गाठता येते, नाहीतर पहाटे जा. पहाटेचा प्रकाश तितकाच मऊ आणि पुढे अख्खा दिवस उजेड. तेव्हाही अंधारात चढायचं असतं, म्हणजे हेडटॉर्च आलाच. आणि सूर्यास्ताला थांबायचंच असेल, तर थांबण्याआधी प्रत्येकाने हेडटॉर्च सॅकमधून काढून गळ्यात अडकवायचा. "आहे माझ्याकडे" हे उत्तर चालणार नाही, दाखवा म्हणायचं. एकाकडे नसेल तर सगळ्यांनी उतरायचं.

कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी कोणालातरी लिहून द्या. अडकलात तर टॉर्चने मिनिटाला सहा वेळा इशारा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटाला तीन वेळा उजेड दिसला तर तुम्हाला कोणीतरी पाहिलं आहे. टॉर्च नसेल तर शिटी.

उतरताना कॅमेरा सॅकमध्ये. सर्वांत हळू चालणारा पुढे, जाणता माणूस शेवटी. गाडीपाशी डोकी मोजा. गारठ्यातून आलेला कॅमेरा पिशवीत बंद असतानाच उबदार खोलीत न्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं, तासाभराने उघडा. फोटो उतरवून घ्या. बूट वाळत घाला. हेडटॉर्चमधले सेल काढून त्याच्या पट्ट्याला चिकटपट्टीने बांधा आणि ती जोडी सॅकच्या वरच्या कप्प्यात परत ठेवा, कपाटात नाही.