गाडी टायर खात असेल तर अलाइनमेंटच्या आधी काय तपासावे

पावसाळा सरला की टायरच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते आणि बहुतेक जण ‘अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून द्या’ एवढेच सांगून किल्ली हवाली करतात. माझे कळकळीचे सांगणे असे, की गाडी मशीनवर चढवण्याआधी टायरची झीज स्वतः पाहावी, कारण बिघाड कोठे आहे याची खूण त्या झिजेतच असते आणि टायर बदलून टाकला की ती खूणही जाते.

गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवावे, म्हणजे पुढच्या चाकाची एरवी न दिसणारी आतली कडही नजरेस येते. मागच्या चाकांसाठी मात्र हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन वाकावेच लागते. नक्षीची खोली मोजण्याचे साधन स्वस्त असते. त्याने प्रत्येक टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी खोली मोजून कागदावर लिहून ठेवावी. खाचांच्या तळाशी रबराचे जे आडवे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरची मर्यादा दाखवतात; नक्षी तेथवर झिजली असेल तर कारण शोधावेच, पण तो टायर वापरू नये.

मधला पट्टा अधिक झिजला असेल तर हवा जास्त भरली जात आहे आणि दोन्ही कडा सारख्याच झिजल्या असतील तर ती कमी पडत आहे, असे सहसा समजावे. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो.

खरी पारख लागते ती एकाच कडेच्या झिजेला. तळहात टायरवरून आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर, असा आडवा फिरवावा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट फिरवताना नक्षीच्या ठोकळ्यांच्या धारा बोटांना करवतीसारख्या लागल्या, तर दोष बहुधा ‘टो’चा, म्हणजे चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळल्याचा असतो. आतून बाहेर नेताना धार लागली तर चाके पुढून आत वळलेली असतात. बाहेरून आत नेताना लागली तर बाहेर. दोन चाकांमधील पुढचे आणि मागचे अंतर यांतला हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण 14 इंची रिमवर दोन्ही चाकांचा मिळून तो 3 मिलिमीटर असला, तरी भूमितीच्या हिशेबाने प्रत्येक चाक किलोमीटरमागे सुमारे 4 मीटर आडवे ओढले जाते. धार न लागता एकच कड सपाट झिजली असेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर घ्यावा. अनेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर जुळवण्याची सोयच नसते. तो बिघडला असेल तर एखादा भाग वाकला आहे किंवा सैल झाला आहे, हे ओळखून तो भाग शोधावा लागतो. कोकणात घाटाने नेहमी ये-जा करणाऱ्यांच्या पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा वळणांमुळेही झिजतात, हे लक्षात घेतल्याशिवाय दोष ठरवू नये.

माझ्या गाडीचा डावा पुढचा टायर आतून तारा दिसू लागेपर्यंत झिजला होता आणि बाहेरून मात्र नवा वाटत होता. त्याआधी एका दुकानात दोन वेळा अलाइनमेंट झाले होते आणि दोन्ही वेळा आकडे बरोबर आले होते. शेवटी लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश फाटलेला सापडला. गाडी उभी असताना मोजमाप बरोबर येई आणि ब्रेक दाबताच चाक जागा सोडी. म्हणून सैल भाग आधी बदलावेत आणि अलाइनमेंट नंतरच करावे, हा क्रम मी आता कधीही मोडत नाही. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना उटी (अडवणीचा दगड किंवा ठोकळा) लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे आणि दोन्ही बाजूंना धरून आडवे हलवावे. खटखट झाली तर टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे, टोक पाहावे. वर-खाली धरून हलवताना चाक डुलले तर बॉल जॉइंट (चाक आर्मशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर थकलेले शॉक ॲब्सॉर्बर किंवा चुकलेले बॅलन्सिंग (चाकाचे वजन घेरावर सगळीकडे सारखे करणे) हे कारण असते. ताशी 80 ते 100 किलोमीटरला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग करावे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला दिलेल्या उतारामुळेही ती किंचित डावीकडे जाते, हे आठवावे. ओढ जास्त वाटली तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहावेत आणि ओढीची दिशा पालटली तर दोष टायरमध्ये आहे असे ठरवावे. एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या, बाण असलेल्या टायरांवर मात्र हा प्रयोग करू नये.

मशीनवर गाडी चढवण्यापूर्वी चारही चाकांत नेमकी हवा भरून घ्यावी, डिकीतले सामान काढावे आणि आधीचे व नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागून घ्यावा. मागच्या चाकांचे आकडेही वाचावेत. छोट्या गाड्यांत मागचा टो बहुधा जुळवता येत नाही आणि तो मर्यादेबाहेर असेल तर मागचा ॲक्सल (मागची दोन चाके जोडणारा आडवा दांडा) वाकल्याची शंका येते. त्यानंतर 1000 किलोमीटर झाल्यावर त्याच तीन ठिकाणी खोली पुन्हा मोजून आधीच्या आकड्यांशेजारी लिहावी.