जुन्या फोर व्हील ड्राइव्हसाठी सेकंडहँड ट्रान्सफर केस घेताना

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणारा डबा. अशा दोन केस समोर असल्या की आधी भाव बघू नका, आधी बघा पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचं (केसपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचं) तोंड कुठल्या बाजूला निघतंय, कारण पुढच्या ॲक्सलचा गोळा (डिफरेन्शियल) उजवीकडे आणि केसचं आउटपुट डावीकडे असेल तर ती कितीही चांगली असू दे, तुमच्या कामाची नाही. मग इनपुटचे, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट जिथे केसमध्ये बसतो तिथले, दाते मोजा. जीपमधल्या एनपी२३१ या मॉडेलमध्येच २१ आणि २३ दात्यांचे दोन प्रकार येतात, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टशी ते जुळलेच पाहिजेत.

आता चेनवाली घ्यायची की गिअरवाली? एनपी२०५ हे दुसरं मॉडेल लोखंडी आहे, आत नुसते गिअर, भयंकर दणकट, पण जड आणि लो रेशो (लो गिअरमध्ये वेग किती पटीने कमी आणि जोर किती पटीने जास्त होतो तो आकडा) फक्त १.९६. एनपी२३१ ॲल्युमिनियमची, हलकी, लो २.७२, म्हणजे दगडातून हळूहळू चढायला माझ्या मते हीच बरी, फक्त चेन तपासून घ्या. फोर व्हीलमध्ये टाकून, मागचं आउटपुट घट्ट धरून पुढचं आउटपुट हाताने पुढेमागे फिरवा, खूप मोकळं फिरलं तर चेन ताणलीय असं समजायचं.

आणि ड्रेन प्लग उघडायला लावाच! तेल बोटांवर चोळून बघा, बारीक चमक चालते, पण बोटाला टोचणारे कण आले तर सरळ दुसरी केस बघा. आउटपुट शाफ्ट वरखाली हलवून बेअरिंगचा प्लेही (ढिलेपणा) बघा, केसला तडा किंवा वेल्डिंग दिसलं तर मी तरी घेणार नाही.