अंतराळ मालिकेचा ताणाचा भाग दहा जणांत पाहायचा कसा आणि प्रतिक्रिया टिपायच्या कशा

भाग संपतो, दिवे लागतात आणि जो सगळ्यात आधी बोलतो त्याचंच मत पुढची पंधरा मिनिटं घरात फिरत राहतं. बाकीचे "भारी होता" म्हणून चपला शोधायला लागतात. प्रेक्षकांना खरोखर काय वाटलं हे जाणून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: प्रतिक्रिया बोलण्याआधी कागदावर उतरली पाहिजे आणि ती भागातल्या कुठल्या मिनिटाची आहे हे ठाऊक असलं पाहिजे. पुढची मांडणी ठाण्यातल्या नेहमीच्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये आठ ते दहा माणसं बसतील असं धरून केली आहे. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये बॅनर लावून हा कार्यक्रम करू नका. ओटीटीचं सबस्क्रिप्शन वैयक्तिक आणि घरगुती वापरासाठी असतं, जाहीर प्रदर्शनाला वेगळी परवानगी लागते.

भाग निवडताना

४० ते ५० मिनिटांचा, शक्यतो एकाच यानात किंवा तळावर घडणारा आणि घड्याळाशी बांधलेला भाग घ्या. ऑक्सिजन संपत चाललाय, पाठलाग होतोय, दुरुस्तीला ठरावीक मिनिटं आहेत, असं काहीही चालेल. हंगामाचा शेवटचा भाग टाळा. त्यात आधीच्या आठ-दहा भागांचे धागे सुटत असतात आणि नव्या माणसाला ताणाऐवजी गोंधळ जाणवतो.

नमुना म्हणून 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकी अंतराळ मालिकेचा '३३' हा भाग घेता येतो. शत्रू दर ३३ मिनिटांनी हजर होतो आणि यानावरची माणसं पाच दिवसांहून जास्त झोपलेली नाहीत, एवढं सांगितलं की नवा प्रेक्षक तयार होतो. २००५ साली या भागाला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याआधीची गोष्ट २००३ च्या लघुमालिकेत आहे. ती सगळ्यांनी पाहिलेली नसेल तर पाच ओळींचा सारांश आदल्या दिवशी पाठवा, त्या संध्याकाळी तोंडी सांगत बसू नका. पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही. मार्गदर्शक लेखानेच गोष्ट फोडायची म्हणजे कठीण आहे.

घरात मुलं असतील तर वयाची खूण आधी पाहा. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे गट दाखवावे लागतात. अंतराळातले ताणाचे भाग बऱ्याचदा १३+ किंवा १६+ मध्ये असतात.

दिवस आणि वेळ

शनिवारी सात वाजता जमायचं, साडेसातला भाग सुरू, सव्वाआठच्या सुमारास संपला, नऊपर्यंत बोलणं. वाशी-नेरूळकडचे पाहुणे ट्रान्स-हार्बरने आरामात घरी पोचतात आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. टेंभी नाक्याच्या आसपास राहत असाल तर नवरात्रातले दिवस सोडून द्या. दहीहंडीच्या दिवशी तर नौपाड्यात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्यांवरच्या पत्र्यांवर पाऊस वाजतो आणि नेमका कुजबुजीचा प्रसंग बुडतो. तेव्हा सबटायटल चालू ठेवण्याला पर्याय नाही.

पडदा, आवाज, वीज

अंतराळातली दृश्यं म्हणजे अर्धा काळोख, त्यामुळे टीव्हीच्या खोड्या इथे जास्त दिसतात. ट्यूबलाइट बंद करा, पण खोली पूर्ण काळोखी करू नका. टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा ठेवला की डोळे शिणत नाहीत आणि कागदावर खूण करण्यापुरता उजेडही मिळतो. ४३ इंची टीव्हीपासून सहा ते आठ फुटांवर बसलेल्यांना सबटायटल नीट वाचता येतात. दहा फुटांपलीकडच्यांसाठी सेटिंगमधून अक्षरं मोठी करा.

पुढचा बदल बहुतेक घरांत राहून जातो. टीव्हीत 'ट्रूमोशन', 'मोशनफ्लो' किंवा तशा नावाची सोय चालू असते. ती चित्राच्या दोन चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवते आणि महागडी मालिका दुपारच्या कौटुंबिक मालिकेसारखी गुळगुळीत दिसायला लागते. ती बंद करा. चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा, 'व्हिव्हिड' नको.

इंटरनेटचा वेग कमी पडला की काळ्या आकाशात राखाडी पट्टे उमटतात. एचडीसाठी साधारण ५ एमबीपीएस पुरतात, पण दहा पाहुण्यांचे फोन त्याच वायफायवर असतील तर ते टीव्हीच्या वाट्याला येत नाहीत. टीव्हीला लॅन केबल जोडा किंवा पाहुण्यांना पासवर्ड देऊ नका. पावसाळ्यात राउटरला छोटा यूपीएस लावा. वीज क्षणभर जरी झटकली तरी टीव्ही लगेच परत लागतो, राउटर मात्र सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात ताण पार ओसरतो.

सबटायटलमध्ये बहुधा दोन प्रकार मिळतात: साधी आणि 'सीसी' लिहिलेली. सीसी ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी असतात, त्यामुळे त्यांत "दूरवर स्फोट" किंवा "धोक्याचं संगीत" असंही लिहून येतं, कधी कधी आवाजाच्या अर्धा सेकंद आधी. कुणाला गरज असेल तर तीच लावा, नाहीतर साधी निवडा. साउंडबारवर 'नाइट मोड' असेल तर तोही बंद ठेवा. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, आणि असा भाग उभाच असतो त्या दोहोंतल्या अंतरावर. संवाद पुटपुटल्यासारखे वाटले तर 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' मोड एक पायरी वाढवा, तेवढं पुरे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'पुढचा भाग आपोआप सुरू' ही सोय ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करा. नाहीतर शेवटचं दृश्य मनात मुरायच्या आत कोपऱ्यात पाच, चार, तीन सुरू होतं, रिमोट शोधायला तिघं उठतात आणि ज्या दोन मिनिटांसाठी हा खटाटोप केला तीच हातची जातात.

खाणं

चहा आणि खाणं भागाच्या आधी उरका. हातात काही हवंच असेल तर ढोकळा, इडली, सुरळीच्या वड्या. चकली, वेफर्स, भडंग बाद. दहा जणांच्या दातांखालचा कुरकुर आवाज निर्वात पोकळीतल्या शांततेला पुरून उरतो. फोन दाराशी एका स्टीलच्या डब्यात ठेवायला सांगा. भाग मध्येच थांबवायचा नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाका.

टिपणं कशी घ्यायची

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा, माणशी एक तुकडा आणि एक पेन्सिल. काळोखात पेन दगा देतं, पेन्सिल देत नाही. प्रत्येक तुकड्यावर पाच-पाच मिनिटांच्या ओळी आधीच आखून ठेवा: ०–५, ५–१०, असं शेवटपर्यंत. टीव्हीखाली एक घड्याळ किंवा टायमर ठेवा, चित्राच्या पहिल्या चौकटीबरोबर तो शून्यावरून सुरू करा.

पाहताना लिहायचं काहीच नाही, फक्त खूण करायची. श्वास अडकला की त्या ओळीत 'ता', दचकायला झालं की 'ध'. ताण आणि धक्का या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वेगळ्या टिपल्या नाहीत तर नंतर सगळे धक्क्याबद्दलच बोलतात. कंटाळा आला तर 'कं'. हे अक्षर लिहायला लोक लाजतात, म्हणून ते चालेल असं आधी दोनदा सांगा.

नुसतं नंतर आठवून का लिहू नये? कारण माणूस अख्खा अनुभव जोखताना त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरूनच जोखतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली थंड पाण्यात हात बुडवायला लावलेल्या प्रयोगात हेच दाखवलं होतं. शेवट जमला की मधली रखडलेली बारा मिनिटं आठवतच नाहीत. खुणा ती आठवण करून देतात.

आणखी बारकाईने पाहायचं असेल तर खोलीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा, पण सगळ्यांची परवानगी घेऊनच. फोन टीपॉयवर, माणसांच्या जवळ आणि साउंडबारपासून लांब ठेवा. सुरुवातीच्या चौकटीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर वेळ जुळवता येते. उसासे, "अगं बाई", खुर्चीचा करकर आवाज, एकदम पसरलेली शांतता, हे सगळं त्यात मिळतं. रेकॉर्डिंगमध्ये मालिकेचा आवाजही येणार, म्हणून ते कुणाला पाठवायचं नाही. खुणांशी ताडून झालं की पुसून टाका.

मालिका आधी पाहिलेला एखादा हमखास असतो. त्याला सगळ्यात मागे बसवा आणि घड्याळ सांभाळायचं काम द्या. पुढे बसला तर ऐन वेळी तो पडदा सोडून इतरांचे चेहरे पाहायला लागतो, आणि चाणाक्ष माणसाला तेवढ्यावरून कळतं.

भाग संपल्यावर

दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, दोन मिनिटं. श्रेयनामावली चालू राहू द्या. मग दिवा लावून तुकड्याच्या मागच्या बाजूला चार उत्तरं लिहायची: सगळ्यात जास्त कुठे अडकलो, कुणाचा निर्णय पटला नाही, काय कळलं नाही, पुढे काय होईल. यासाठी पाच मिनिटं द्या. "आवडला का?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर लोक यजमानाकडे बघून देतात.

त्यानंतर बोलण्याची फेरी, माणशी दोन मिनिटं. सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात, आणि ज्यांचं मत जिन्यापर्यंत ऐकू जातं ते काका सर्वांत शेवटी. आजी-आजोबा बसले असतील तर त्यांना टाळू नका. पात्रांची नावं लक्षात राहिली नाहीत तरी "तो टकला माणूस खोटं बोलतोय हे मला आधीच कळलं" हे उत्तर चर्चेला दहा मिनिटं पुरतं.

विज्ञानाचे वाद मात्र फेरी संपेपर्यंत वेगळ्या कागदावर लिहून बाजूला ठेवा, नाहीतर सगळी संध्याकाळ तेच खातात. ते कोणते येणार हे ठरलेलंच असतं. निर्वातात आवाज पसरत नाही, म्हणून बाहेरून दाखवलेल्या स्फोटाचा आवाज ही मालिकेने घेतलेली मोकळीक. सूटशिवाय बाहेर पडलेला माणूस फुटत नाही आणि क्षणात गोठतही नाही, पण दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. १९६० च्या दशकात ह्यूस्टनमध्ये नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या सूटमधली हवा गेली. तो सुमारे १४ सेकंद शुद्धीत होता आणि कक्षात हवा परत भरल्यावर वाचला. संदेश चंद्रापर्यंत पोचायला सुमारे १.३ सेकंद लागतात, मंगळापर्यंत अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं. मंगळावरचं पात्र पृथ्वीशी फोनवर तावातावाने भांडत असेल तर हरकत घेणाऱ्याला गुण द्या.

"हे सगळं पार्श्वसंगीताने आणलेलं" असं कुणी म्हणालं तर २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवायला सांगा. चांद्रयान-३ खाली उतरत असताना पडद्यावर एक आलेख, कमी होत जाणारे आकडे आणि खुर्च्यांवर बसलेले शास्त्रज्ञ, एवढंच होतं. तरी घराघरांतली माणसं उभ्याने टीव्ही बघत होती, कारण २०१९ साली चांद्रयान-२ चा संपर्क ऐन उतरताना तुटला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. काय बिघडू शकतं हे आधीच माहीत असणं, हे ताणाचं मूळ. मग आत्ताच्या भागाने ती माहिती कितव्या मिनिटाला दिली, हे शोधायला लावा. इथे चर्चा खरी रंगते.

खुणा एकत्र करणं

मोठ्या कागदावर मिनिटांची आडवी रेघ ओढा आणि सगळ्यांचे 'ता', 'ध', 'कं' तिच्यावर उतरवा. जिथे तिघांहून जास्त खुणा पडल्यात तिथे भाग परत नेऊन ते दृश्य पुन्हा पाहा, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. आवाज बंद केल्यावरही ताण टिकला तर तो लेखनाचा आणि संकलनाचा, विरघळला तर संगीताचा. 'ता'ची गर्दी स्फोटावर आहे की त्याच्या आधीच्या अर्ध्या-एक मिनिटावर, हेही बघा. दोघांनीच खूण केलेली जागा दुर्लक्षित करू नका, त्या दोघांना विचारा. एखाद्या नर्सला बंद पडलेलं यंत्र दिसलं की जे वाटतं ते इतरांना वाटत नसतं.

निकाल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह होईल. मोठ्या ग्रुपवर "ज्यांनी पाहिलाय त्यांनीच निरोप द्या" एवढंच लिहा आणि पाहिलेल्यांचा वेगळा ग्रुप काढा. मेसेजच्या वर "पुढे गोष्ट फुटते" असं लिहून भागत नाही, कारण ओळखीच्या नावासमोरची दुसरी ओळ नोटिफिकेशनमध्येच वाचली जाते. कागदाचा फोटो टाकत असाल तर चौथ्या प्रश्नाची उत्तरं झाकून टाका. पुढचा भाग पाहायला जमाल तेव्हा कुणाचा अंदाज खरा ठरला हे त्यावरूनच ठरवायचं असतं.