चुकारा वर्षातून दोनदा, किराणा दर महिन्याला

पगारदाराचं बजेट सोपं. एक तारखेला पैसे येतात, तीस तारखेला संपतात. आमच्याकडे पैसे येतात ते चुकाऱ्याचे, म्हणजे विकलेल्या पिकाचे. सोयाबीनचे दसरा-दिवाळीच्या मधात येतात. कापसाचे सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाल्यावर जसजशी वेचणी होईल तसे, संक्रांतीच्या पुढेमागेपर्यंत. तुरीचे जानेवारी-फेब्रुवारीत. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत मजुरी, दूध, एखादा सरकारी हप्ता, जे हाती येईल ते. म्हणून बाया म्हणतात, खेड्यात महिन्याचं बजेट बसतच नाही. बसतं, पण आधी वर्ष मांडावं लागतं, महिना त्यातून काढायचा. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घरी पाच माणसं, कोरडवाहू शेती. चार वर्षं हे करते आहे, त्यातली दोन फसली. ती कुठे फसली तेही सांगते.

आधी एक महिना नुसतं लिहा

पोरांच्या मागच्या वर्षीच्या वह्यांत कोरी पानं उरतात, त्यातली एक वही घ्या. महिनाभर काहीच कमी करू नका. घरात आलेली प्रत्येक वस्तू, वजन आणि पैसे तेवढे लिहा. दुसरं म्हणजे तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख टाका. साखर, चहापत्ती, कपड्याची पावडर, सगळ्यांच्या पुड्यावर टाका. पुढची पिशवी फोडताना आधीची तारीख बघायची.

मला छातीठोक वाटायचं की आम्हाला महिन्याला चार पिशव्या तेल लागतं. तारखा बघितल्या तर पिशवी सहा दिवसांत संपत होती, म्हणजे महिन्याला पाच. पाचवी कुठे जाते ते शोधायला वेळ लागला नाही. शनिवार-रविवारी पोरं घरी, की आलूबोंडे नाहीतर भजे, आणि तळून उरलेलं काळं तेल सोमवारी टाकून द्यायचं. मी आलूबोंडे बंद केले नाहीत. कढई लहान घेतली.

लिहिताना दुकानातलं खातंही मागून घ्या. बहुतेक घरांचा किराणा खात्यावर चालतो आणि ते खातं आपण फक्त चुकाऱ्याच्या दिवशी बघतो. आमच्या खात्यात जागोजागी 'किर. २०', 'किर. २०' (किरकोळ) असं लिहिलेलं होतं. पोरांच्या फरसाणाचं असेल असं मी धरून चालले. निघाला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी. दिवसाला वीसचे दोन धरले तरी महिन्याचे १२०० रुपये होतात, आमच्या घरच्या डाळीपेक्षा जास्त. त्यावर घरात काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. खर्रा किराण्याच्या खात्यातून निघाला आणि ज्याचा त्याच्या खिशावर गेला, एवढं सांगते.

एका पोळ्याला खात्यात एकाच तारखेला पाच-पाच किलो साखर दोनदा लिहिलेली होती. शेठ म्हणाले, तुम्हीच नेली. माझ्याकडे कुठे लिहिलेलं नव्हतं, पैसे भरले. तेव्हापासून उधारीचा माल घरी आला की आधी वहीत, मग डब्यात.

खर्चाचे तीन ढीग

महिनाभर लिहून झालं की सगळ्या वस्तू तीन ढिगांत टाका. पहिला ढीग साठवणीचा, म्हणजे वर्षातून एकदा घ्यायचं ते: गहू, ज्वारी, तुरीची डाळ, तिखट, हळद, लसूण. दुसरा महिन्याच्या किराण्याचा: तेल, साखर, चहापत्ती, मीठ, साबण. तिसरा आठवडी बाजाराचा: भाजी, सांबार (कोथिंबीर), मिरची, अंडी, कधी मासोळी.

माझे आकडे नमुन्यादाखल देते, तुमचे वेगळे निघतील. किराणा महिन्याला ३२०० म्हणजे वर्षाचे ३८,४००. बाजार आठवड्याला ५०० म्हणजे ५२ आठवड्यांचे २६,०००. साठवण १४,०००. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी मिळून ६०००. बेरीज ८४,४००, महिन्याला सात हजारांच्या वर थोडे. मी पहिल्या वर्षी सणांचे सहा हजार धरलेच नव्हते. भादव्यात महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत ते बाहेर पडले आणि वही तिथेच बंद झाली.

वाहीपेरीच्या दिवसांत मजुरांचा चहा होतो. निंदणाला बारा बाया आल्या की दिवसाला पाव किलोच्या वर साखर आणि त्या मापानं चहापत्ती जाते. हा खर्च स्वयंपाकघराचा नाही, शेतीचा आहे. बियाणं-खताच्या हिशोबात लिहा. दुसरं वर्ष माझं इथेच फसलं. जुलैत किराणा वाढला म्हणून मी घरातलं दूध कमी केलं, आणि वाढला होता शेतातला चहा.

साठवण कधी भरायची

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात, म्हणून सवडीनं सांगते.

घरची तूर असेल तर सगळी विकू नका. वर्षाला लागेल तेवढी डाळ मोजा (आम्हाला ५० किलो लागते) आणि त्याच्या दीडपट तूर बाजूला काढा. क्विंटलभर तुरीची डाळ सत्तर किलोच्या आसपास पडते, बाकी चुरी आणि टरफल. ती चुरी ढोरांना जाते, तीही फुकट नाही. तूर विकून पावसाळ्यात तीच डाळ दुकानातून किलो-किलोनं आणणं हा सगळ्यात महागाचा व्यवहार. आमच्या सासूबाई म्हणतात, "घरी दाय अन् तिखट असलं का बाई कोनाच्या दारी जात नाही."

गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तेव्हाच घ्या. उन्हात दोन दिवस चांगला वाळवा, निसून घ्या, कोठीत भरताना मधात वाळलेला कडूनिंबाचा पाला टाका. ओला पाला टाकू नका, बुरशी धरते. लाल मिरची फेब्रुवारी ते एप्रिल. भिवापुरी घेतली तर रंग आणि तिखटपणा दोन्ही, पण एकटी घेतली तर पोरांच्या डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून अर्धी कमी तिखट मिरची मिसळून कुटून आणते. हळद वायगावची मिळाली तर उत्तम, थोडीच पुरते. लसूण उन्हाळ्यात वाळलेला घ्या आणि वारा लागेल असा टांगून ठेवा.

पैसे एकदम नसतील तर सगळं एकाच वर्षी भरायच्या मागे लागू नका. पहिल्या वर्षी डाळ आणि तिखट, पुढच्या वर्षी गहू.

रेशन आधी वजा करा

यादी करायच्या आधी रेशनचं धान्य वजा करा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदयवर घरामागे ३५ किलो मिळतं. जानेवारी २०२३ पासून त्याला पैसे लागत नाहीत. पाच नावं असतील तर महिन्याला २५ किलो. घरातल्या सगळ्यांचं आधारचं ई-केवायसी झालं आहे का ते बघून ठेवा. धान्य घेताना अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या. आपल्या नावावर किती धान्य आहे ते 'मेरा राशन' अ‍ॅपवरही दिसतं.

तांदूळ जाडा म्हणून फिरत्या माणसाला कवडीमोलानं विकायचा आणि दुकानातून चकाकणारा आणायचा, हे आमच्या गावात सर्रास चालतं. एक तर रेशनचं धान्य विकणं गुन्हा आहे, आणि हिशोबही बसत नाही. जाड्या तांदळाचं पीठ दळून आणा, धिरडी चांगली होतात.

दुकानात

यादी लिहून न्या आणि पोट भरलेलं असताना जा. पोराला एकट्याला पाठवू नका. तेलाचा डबा घेत असाल तर त्यावर १५ किलो लिहिलं आहे की १५ लिटर, ते वाचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १५ लिटरचं वजन साडेतेरा किलोच्या थोडंच वर भरतं. दोन डब्यांच्या भावात शंभर रुपयांचा फरक दिसला म्हणून स्वस्तातला उचलला, तर सव्वा किलोच्या वर तेल कमी येतं. पिशव्यांचंही तेच. एक लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम, पण तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत ८५० किंवा ८०० ग्रॅमच असतं. भाव ग्रॅमवर काढा. बऱ्याच पाकिटांवर एमआरपीच्या शेजारी एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव बारीक अक्षरांत छापलेला असतो.

अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, शाम्पू आणि बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कपड्याच्या पावडरचा १८ टक्केच राहिला. जुन्या आठवणीतल्या भावानं पैसे देऊ नका, पाकीट बघा.

रोख घेतलं तर भाव कमी होतो का, हे एकदा विचाराच. सगळे दुकानदार सांगत नाहीत, पण महिन्याचा माल एकदम आणि रोख म्हटलं की बहुतेक जण काहीतरी सोडतात.

पैसे कुठे ठेवायचे

कापसाचा चुकारा हाती आला की बँकेचा हप्ता, दुकानाची उधारी आणि पोरांच्या शाळेच्या आधीसुद्धा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचं जेवण बाजूला काढा. माझ्या आकड्यांत चार किराणे १२,८०० आणि सतरा बाजार ८५००, मिळून २१,३००. हे घरात ठेवले तर पेरणीत जातात, मी दोनदा अनुभवलं. पोस्टात ५०० रुपयांत बचत खातं उघडतं, ते आपल्या नावानं उघडा आणि एटीएम कार्ड घेऊ नका. पोस्टात जायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून उगाच काढले जात नाहीत.

बाजाराचे ५०० वेगळ्या डब्यात ठेवायचे. आमचा बाजार शुक्रवारचा. संध्याकाळी उशिरा गेलं की भाजी उतरलेल्या भावात मिळते, फक्त पालेभाजी तोवर मान टाकते. डब्यात उरलेले पैसे पुढच्या शुक्रवारी वापरायचे नाहीत, सणांच्या सहा हजारांत टाकायचे.

मोडलं तर

मोडणारच. लग्नसराईत पाहुणे येतात, कोणी दवाखान्यात पडतं. तेव्हा आधी बिस्किटं, फरसाण, थंड पेय कापा. डाळ, अंडी आणि पोरांचं दूध सगळ्यात शेवटी. आणि ज्या महिन्यात हिशोब चुकला त्या महिन्यातही वहीत आकडा लिहा, पान कोरं सोडू नका. कोरं पान दिसलं की पुढचंही कोरंच राहतं.

सुरुवात जूनमध्ये करू नका, हाती पैसा नसताना बजेट मांडायला बसलं की फक्त भांडण होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजारापासून धरा. तोवर तेलाच्या पिशवीवर तारीख तेवढी टाकत राहा.