मैदानातलं गीतरामायण: पडद्यामागची तयारी
गीतरामायणात 56 गाणी आहेत. एका संध्याकाळी बारा-तेराच घ्या. निवेदनासकट एकेकाला दहा मिनिटं सहज जातात. रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, म्हणून 7 ला पहिला सूर लागायला हवा.

खरी डोकेदुखी तबल्याची. दव पडू लागलं की पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ओल धरते आणि सूर उतरतो. वादकांवर कापडी छत हवंच. त्याच पट्टीचा दुसरा तबला झाकून तयार ठेवा. पेटीचा सूर जागेवर बदलत नाही, तेव्हा तबला पेटीशी जुळवायचा. माइकला स्पंजच्या टोप्या घाला, नाहीतर वारा घोंघावतो. दिवे गायकांच्या डोक्यावर नकोत, बाजूला लांब लावा; तान घेताना किडा तोंडात गेला की संपलंच! जनरेटर मंचामागे, शक्य तितका दूर. वह्यांना चिमटे लावा.