सेफ्टी रिले: बटण दाबून बघणं पुरेसं नाही

सेफ्टी रिले म्हणजे इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर मशीनची मोटर बंद करणारा रिले; स्टॉप बटणाकडून त्याच्याकडे दोन वेगळी सर्किटं येतात, तेच दोन चॅनल. वायरिंग झाली, इमर्जन्सी स्टॉप दाबला, मशीन थांबलं. पण एका चॅनलमध्ये जंपर (चॅनल बायपास करणारी तात्पुरती वायर) राहिला असेल तरी मशीन थांबतंच, कारण दुसरा चॅनल रिले पाडतो, म्हणजे बंद करतो. म्हणून दोन्ही चॅनल वेगवेगळे तपासा.

१. मोटरचा पॉवर सप्लाय बंद करून लॉक करा. फक्त २४ व्होल्ट कंट्रोल चालू ठेवा, रिले रिसेट करा.
२. पहिल्या चॅनलची एकच वायर टर्मिनलमधून काढा (बऱ्याच रिलेंवर एस११-एस१२ ही जोडी, तरी ड्रॉइंग बघाच). रिले लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर जंपर शोधा, बहुतेक वेळा तो ट्रायलच्या वेळी आपणच टाकलेला असतो!
३. वायर परत लावून स्टॉप दाबा, सोडा, रिसेट करा. नुसत्या रिसेटने बहुतेक रिले उठत (परत चालू होत) नाहीत, तो बिघाड नव्हे.
४. दुसऱ्या चॅनलचंही तसंच.

फीडबॅक लूपमधली, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) एनसी (नॉर्मली क्लोज्ड, कॉन्टॅक्टर बंद असताना जोडलेला) कॉन्टॅक्टची वायरही एकदा काढा. रिसेट व्हायला नको.

काढलेली वायर सुटी ठेवू नका, दुसऱ्या टर्मिनलला टेकली तर रिले जाऊ शकतो.